साडेसातनंतरचा खर्च

घरखर्चाला कात्री लावायची वेळ आली की ती पहिल्यांदा खाण्यावरच चालते. बाकीच्या सगळ्या खर्चांना तारीख असते आणि मागे लागणारं कुणीतरी असतं. कर्जाचा हप्ता पाच तारखेला खात्यातून आपोआप वळता होतो, सोसायटीचा मेंटेनन्स थकला तर खाली फळ्यावर फ्लॅट नंबर झळकतो, कॉलेजची फी भरली नाही तर परीक्षेचा फॉर्म अडतो. पनीर आणलं नाही म्हणून कुणी फळ्यावर नाव लिहीत नाही. म्हणून ज्याला आवाज नाही त्याच्यावर आधी सुरी.

आमच्या घरी ही वेळ आली ती हप्त्यामुळे. मे २०२२च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बाकीच्या बँकांना ज्या दराने पैसे देते तो, फेब्रुवारी २०२३पर्यंत साडेसहा टक्क्यांवर गेला. तेव्हा व्याज वाढलं की बँका बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत लांबवायच्या. माझी मुदत आधीच निवृत्तीला टेकलेली, लांबवायला पुढे वर्षंच शिल्लक नव्हती. त्यामुळे हप्ताच वाढला. त्याच वर्षी थोरली इंजिनिअरिंगला लागली. आम्ही पाच माणसं. माझी आई, आम्ही दोघं, थोरली आणि नववीतला धाकटा. राहायला पुण्यात धायरीला, मूळचे मंगळवेढ्याकडचे. दोघांच्या पगारात भागत होतं ते आता भागेना. विमा, पेट्रोल, क्लास असं सगळं चाचपून झाल्यावर गाडी स्वयंपाकघरात येऊन थांबली.

दुधाचा हिशोब लिहायला भिंतीवर कालनिर्णय असतंच. त्याच्याच चौकोनांत महिनाभर खाण्यावरचा एकूण एक रुपया लिहायचा असं ठरलं, ज्याने खर्च केला त्याने. धाकट्याचा शाळेबाहेरचा वडापाव, थोरलीची कॉलेजच्या कँटीनमधली कॉफी, माझा ऑफिसातला चहा, सगळं. चौकोन लवकरच पुरेनासे झाले आणि बायकोने पानाच्या मागच्या बाजूला, राशिभविष्याच्या कडेकडेने लिहायला सुरुवात केली.

महिन्याअखेरीस बेरीज मांडली तेव्हा वाणसामानाची यादी अगदीच निर्दोष सुटली. गहू, तांदूळ, डाळी, साखर, चहा, तेल, मसाले या सगळ्यांचं मिळून जेवढं होत होतं, त्याहून जास्त सटरफटर खाण्याचं होत होतं. बिस्किटं, वेफर्स, ब्रेड, चीज, डब्यातलं ज्यूस, रविवारचा बाहेरून आणलेला नाश्ता आणि दारात येणारी पार्सलं. आम्हीच तेवढे उधळे आहोत असं वाटून ओशाळायला झालं होतं, पण सरकारी आकडे वाचल्यावर जरा धीर आला. २०२२-२३च्या घरगुती खर्चाच्या पाहणीत शहरातल्या माणसाचा महिन्याचा सरासरी खर्च निघाला ६,४५९ रुपये. त्यात तृणधान्यांचा वाटा ३.६४ टक्के आणि पेयं, खाऊ, तयार खाणं यांचा १०.६४ टक्के. खेड्यातसुद्धा हेच प्रमाण ४.९१ आणि ९.६२ असं आहे. म्हणजे ज्वारी-गव्हावर जेवढे जातात त्याच्या खेड्यात जवळपास दुप्पट आणि शहरात जवळपास तिप्पट पुड्यांवर आणि पार्सलांवर जातात, आणि ते अख्ख्या देशात.

पण डोळे उघडले ते दुसऱ्याच गोष्टीने. थोरलीने मोबाइलमधली बिलं काढून प्रत्येक पार्सलच्या पुढे वेळ लिहिली. शनिवार-रविवार सोडले तर जवळपास सगळी पार्सलं संध्याकाळी साडेसात ते नऊ या वेळात मागवलेली. चमचमीत खावंसं वाटलं म्हणून मागवलेलं त्यात फार थोडं होतं. बहुतेक वेळा नुसता व्हेज पुलाव, डाळ-खिचडी, दोन रोट्या आणि भाजी. घरात तांदूळ-डाळीचे डबे भरलेले असताना आम्ही बाहेरून खिचडी मागवत होतो, वर ती घरी पोचवण्याचे पैसे, पॅकिंगचे पैसे, त्यावर कर.

याचं कारण बायकोला आधीच माहीत होतं. ती एका पतसंस्थेत नोकरी करते. सात वाजता निघते, सिंहगड रोडची गर्दी तुडवत साडेसातला घरात येते. आल्यावर तिच्यासमोर ओट्यावर सकाळची भांडी आणि चार चेहरे, "आज काय आहे?" असं विचारणारे. त्या प्रश्नाला तिने शोधून काढलेलं उत्तर म्हणजे ते पार्सल. मी वहीत नवीन महिन्याचं बजेट आखत होतो तेव्हा ती भांडी पुसता पुसता म्हणाली, "बजेट तुम्ही करताय ते ठीक आहे. त्यातल्या भाकऱ्या कोण बडवणार तेही एका रकान्यात लिहा." तो रकाना वहीत नव्हताच.

आईला मात्र या सगळ्या हिशोबाचं नवल वाटत होतं. तिच्या मते उपाय सोपा होता. "भाकर खावा की. गव्हाची चैन कशापायी?" ती बोलते अजून मंगळवेढ्याचंच. तिच्या लहानपणी पोळी सणाला, पाहुणा आला तर, नाहीतर आजाऱ्याला. रोजची ज्वारी. बाहत्तरच्या दुष्काळात ती लग्न होऊन सासरी आली त्याला वर्षही झालं नव्हतं. घरची ज्वारी संपली आणि रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची लाल ज्वारी, मिळायला लागला. त्या मिलोच्या भाकरीची चव तिला विचारली की ती अजून तोंड वाकडं करते. खडी फोडायच्या कामावर गेलं की सुकडी मिळायची, ती पदरात बांधून घरी आणायची. त्यामुळे भाकरी म्हणजे गरिबाचं अन्न आणि पोळी म्हणजे चैन, हे समीकरण तिच्या डोक्यात पक्कं बसलंय.

मी तिला घेऊन दुकानात गेलो. मालदांडी ज्वारीचा भाव विचारला. दुकानदाराने सांगितला तो ऐकून आईने दोनदा खात्री करून घेतली. लोकवन गव्हापेक्षा ज्वारी महाग, आणि तीही थोडीथोडकी नाही. मग तिचा रागच झाला. ज्वारीचं कोठार म्हणवणाऱ्या गावात जन्म काढलेली बाई. दुष्काळात दामाजीपंतांनी जिथली कोठारं लोकांसाठी उघडली असं सांगतात, त्या गावचं धान्य आता भौगोलिक मानांकनाचा शिक्का मारून पाकिटातून मिळतं, हे तिला काही केल्या पचेना. "आरं, कोण खातंय एवढं आता ज्वारी?" तिचा प्रश्न बरोबर होता, फक्त उलट्या बाजूने. खाणारे वाढल्यामुळे नाही, पेरणारे कमी झाल्यामुळे ती महाग झाली. मराठवाड्यात-विदर्भात खरिपाच्या ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली, रब्बीच्या रानात पाणी आलं तिथे ऊस उभा राहिला. रब्बीची ज्वारी काढायची तर एकेक ताट मुळासकट उपटावं लागतं, त्याला माणूस मिळत नाही. पाखरं राखायला पोरं नाहीत. उरलेल्या ज्वारीला मग मधुमेहवाल्यांचं गिऱ्हाईक मिळालं.

"आजीसारखं खा, पैसे वाचतील" हा सल्ला आजकाल जो उठतो तो देतो. हिशोब मांडून बघितला तर तो आता खोटा ठरतो. २०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं आणि नाचणी, वरई, राळं हे सगळं मिलेट नावाने चकचकीत पाकिटात जाऊन बसलं. लाकडी घाण्याचं तेल, हातसडीचा तांदूळ, देशी गाईचं तूप, सेंद्रिय गूळ, आजीच्या घरात जे जे फुकट किंवा जवळपास फुकट होतं त्या प्रत्येकाला आज दुप्पट भाव आहे. १९९५मध्ये सरकारने एक रुपयात झुणका-भाकर द्यायची केंद्रं काढली होती, तेव्हा झुणका-भाकर हे स्वस्त अन्नाचं दुसरं नाव होतं. आज हायवेवर "चुलीवरची" पाटी लावलेल्या हॉटेलात तीच झुणका-भाकर खाऊन उठलो की बिल बघून पाणी प्यावं लागतं.

तेव्हा आजी काय खायची हे बाजूला ठेवून, आज या बाजारात काय स्वस्त आहे ते नव्याने शोधायला लागलं. तूरडाळ त्या वर्षी चढत चढत दीडशेच्या पुढे गेली होती. तिच्याऐवजी अर्धी मसूर आणली. कॅनडा-ऑस्ट्रेलियातून जहाजाने येऊनही ती आपल्या तुरीपेक्षा कितीतरी स्वस्त, हे कोडं मला अजून नीट सुटलेलं नाही. आईला मसूर चालत नाही. तिच्यासाठी मूग. हरभऱ्याची डाळ आणि अख्खे हरभरे हे खरे घरतारक निघाले. पिठलं, झुणका, उसळ, वाटली डाळ, कोबीत घाल, दुधीत घाल, कुठेही नाही म्हणत नाहीत. अंड्याइतकं स्वस्त आणि दहा मिनिटांत होणारं दुसरं काही बाजारात नाही, हे आईसोडून सगळ्यांनी मान्य केलं. मटण महिन्यातून एकदाच, पण तेव्हा ते नीट, हाडासकट, रस्सा दुसऱ्या दिवसापर्यंत पुरेल असं.

आणि जुन्यातली एक गोष्ट मात्र आजच्या भावातही टिकली. हुलगे. कोकणात त्यांना कुळीथ म्हणतात. तुरीच्या कितीतरी खाली भाव, आणि आमच्या दुकानात तरी अजून कुणी त्यांना सुपरफूड म्हणून पाकिटात भरलेलं नाही (हे लिहितोय खरं, पण उद्या कुणीतरी भरेलच). आईने एका संध्याकाळी परातीत हुलग्याचं पीठ घेतलं, मूठभर कणीक, लसूण-मिरची-जिऱ्याचं वाटण, हळद, मीठ घालून घट्ट मळलं आणि आम्हा सगळ्यांना परातीभोवती बसवलं. चिमूटभर पीठ घ्यायचं, तळहातावर फिरवून बोटाएवढी सुरळी करायची, दोन टोकं जुळवून कडं करायचं, की झालं शेंगोळं. थोरलीची कडी मोजून-मापून एकसारखी. धाकट्याने आधी शून्य केलं, मग आठ, मग इंग्रजी एस. आई एका हाताने वळायची आणि दुसऱ्या हाताने त्याची अक्षरं मोडून पुन्हा गोल करायची. तिकडे पातेल्यात लसणाची सणसणीत फोडणी देऊन पाणी उकळत ठेवलेलं. त्यात एकेक करून शेंगोळे सोडले, शेवटी परातीला लागलेलं पीठ पाण्यात कालवून तेही ओतलं, म्हणजे रस दाट होतो आणि परातही धुतली जाते. वीस मिनिटांत जेवण तयार. डाळ नाही, भाजी नाही, पोळी नाही, एका पातेल्यात सगळं. वर कच्चा कांदा. पाच माणसांचं पोटभर जेवण एका पार्सलच्या नुसत्या डिलिव्हरीच्या पैशात झालं असेल. पण परातीभोवती पाच जोड हात होते म्हणून झालं, हेही तितकंच खरं. एकट्या बाईने साडेसातला घरी येऊन पाच जणांचे शेंगोळे वळायचे म्हटलं तर तिने पुन्हा मोबाइलच हातात घेतला असता आणि तिला कुणी बोल लावू नये.

म्हणून मग वहीत तो रकाना घातला. रात्री जेवणं झाली की "उद्या काय भिजवायचं?" हा प्रश्न आणि त्याचं उत्तर धाकट्याकडे. तो डब्यातून वाटीभर मटकी नाहीतर चवळी काढतो, धुतो, भिजत घालतो. सकाळी उपसून फडक्यात बांधायचं काम आईचं. वाटीभर मटकी मोड आल्यावर दुपटीहून जास्त होते, हे त्याने विज्ञानाच्या पुस्तकात वाचलं होतं, पण पातेल्यात बघितल्यावर त्याचा विश्वास बसला. कणीक मळणं आणि रात्रीच भाजी निवडून-चिरून फ्रीजमध्ये ठेवणं माझ्याकडे आलं. थोरलीचं कॉलेज लवकर सुटतं, तिच्याकडे आठवड्यातले दोन दिवस संध्याकाळचा पूर्ण स्वयंपाक. बायको साडेसातला येते तेव्हा कुकर झालेला असतो आणि कणीक मळलेली असते, तिला फक्त पोळ्या लाटायच्या असतात किंवा तेही नाही. पार्सलं कशाने कमी झाली असं कुणी विचारलं तर मी मसूर-हुलग्यांचं नाव नंतर घेईन, आधी या मळलेल्या कणकेचं.

याच्या खर्चाची बाजूही सांगायला हवी. गॅस जास्त जायला लागला. चौदा किलोचं सिलिंडर आधी महिना ओलांडून पाच-सहा दिवस जास्त पुरायचं, आता महिना गाठताना धाप लागते. कडधान्यं भिजवून, कुकरला लावून, खाली पाणी वर भांडं असं एकाच वेळी तीन गोष्टी शिजवूनसुद्धा. काटकसरीच्या गोष्टी सांगणारे या वाढलेल्या खर्चाबद्दल सहसा गप्प असतात.

तेलाची गोष्ट वेगळी. आपल्या देशात लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येतं, त्यामुळे कुठे काही खुट्ट झालं की आपल्या कढईला कळतं. २०२२मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटलं आणि सूर्यफूल तेल चढलं, एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात काही आठवडे बंद केली तेव्हा उरलेली तेलंही चढली. आमच्यासारख्या सोलापूरकडच्या घरात तेल कमी करा म्हणणं म्हणजे जवळजवळ धर्मावर घाला. कालवणावर लाल तवंग दिसला नाही तर ते कालवण आजाऱ्याचं. पहिल्यांदा तेलाच्या बरणीतली पळी काढून तिथे चमचा ठेवला, तेव्हा धाकटा वाटीत डोकावून म्हणाला, "बाबा, हे पाणी आहे का?"

तोड आईने काढली. कांदा आणि सुक्या खोबऱ्याची वाटी तेलात न परतता सरळ गॅसच्या जाळावर धरून काळी होईपर्यंत भाजायची, मग वाटायची. वाटण परतायला चमचाभर तेल पुरतं, कारण खोबरं स्वतःचं तेल सोडतं. कालवण उकळून झालं की शेवटी पळीत दोन चमचे तेल तापवायचं, गॅस बंद करायचा, क्षणभर थांबायचं आणि लाल तिखट घालायचं. फार गरम असेल तर ते करपतं, गार झालं तर रंग सोडत नाही. ते वरून ओतलं की वाटीत तवंग पसरतो. सगळं तेल वरच असल्यामुळे दोन चमच्यांत पळीभराचा थाट दिसतो. हे तिने आम्हाला पन्नाशीपर्यंत का सांगितलं नाही असं विचारलं तर म्हणाली, "तुमी कवा इचारलं?"

येसूरही तिनेच पुन्हा सुरू केला. बार्शीकडे लग्नाच्या पंगतीत येसराची आमटी असते. ज्वारी-बाजरी, गहू, हरभऱ्याची डाळ वेगवेगळी भाजून त्यात खडा मसाला घालून दळून आणायचं. दोन चमचे येसूर पाण्यात कालवून फोडणीत ओतला की डाळ न घालता दाट आमटी होते. डाळ शेकड्यात गेली की घरातल्या जुन्या बायकांना अशा गोष्टी आपोआप आठवतात. जुलै २०२३मध्ये टोमॅटो दीडशेच्या पुढे गेला तेव्हा टीव्हीवर गदारोळ चालला होता. त्याच वर्षी उन्हाळ्यात नाशिककडे तोडणीचा खर्च निघेना म्हणून शेतकऱ्यांनी तो रस्त्यावर ओतला होता, तेव्हा गदारोळ नव्हता. आई शांतपणे चिंचेचं बोटूक भिजत घालत म्हणाली, "आपल्या आमटीत टमाटं कवा असतंय?" आम्ही दोन महिने टोमॅटोविना काढले, आणि खरं सांगायचं तर भाजीत काही उणं वाटलं नाही.

तिच्याशी खटका उडाला तो उपवासावरून. आई सोमवार आणि एकादशी धरते. आमच्याकडे मात्र उपवास तिचा आणि खिचडी सगळ्यांची अशी पद्धत पडलेली. साबुदाणा, शेंगदाण्याचा कूट, बटाटे, तूप, दही, वर भगर आणि रताळ्याचे काप. एकादशी आणि दुप्पट खाशी हे नुसतं म्हणण्यापुरतं नाही, कालनिर्णयच्या चौकोनात ते रुपयांत लिहिलेलं होतं. एकादशीच्या दिवसाचा खर्च साध्या दिवसाच्या दीडपट निघायचा. मी तिला १९६५ची आठवण करून दिली. शास्त्रीजींनी धान्य वाचवायला आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा म्हणून सांगितलं होतं तेव्हा तिच्या माहेरी सोमवारी रात्री चूल पेटत नसे, हे तिनेच मला सांगितलेलं. तो उपवास धान्य वाचवणारा होता, हा धान्य खाणारा आहे, असा माझा मुद्दा. ती म्हणाली, "तवा आमी उपाशी ऱ्हायलो. तुमाला ऱ्हायचं आसंल तर ऱ्हावा." त्यावर काय बोलणार? तडजोड अशी झाली की खिचडी तिच्यापुरती, बाकीच्यांना वरण-भात. पहिल्या एकादशीला धाकट्याने तिच्या ताटातली अर्धी संपवली, तेव्हापासून ती स्वतःहून दोन मुठी साबुदाणा जास्त भिजवते. मी ते बघूनही बघत नाही.

श्रावणाचा असाच एक गंमतीदार हिशोब आहे. महिनाभर निम्मं गाव शाकाहारी झाल्यामुळे भाज्या चढतात आणि चिकन-अंडी उतरतात. श्रावण न पाळणाऱ्यांची त्या महिन्यात चंगळ. पितृपक्षात गवार आणि भोपळा असे चढतात की पितरही गोंधळात पडत असतील. आई आहे तोवर आमचा श्रावण कडक, त्यामुळे हे शहाणपण आम्हाला फक्त ऐकण्यापुरतं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी हे सगळं कौतुकाने बघत होत्या. कौतुकाने हा शब्द मी माझ्या समाधानासाठी वापरतोय, त्यांना बहुधा हसू येत असावं. भिंतीवर हिशोब लिहून काटकसर करणं हे हप्ता भरणाऱ्यांचं काम. त्यांच्या घरी ते लिहावं लागत नाही. त्यांना रेशनवर माणशी पाच किलो धान्य मिळतं, जानेवारी २०२३पासून तेही फुकट. "गहू-तांदूळ मिळतो हो ताई," त्या बायकोला सांगत होत्या, "पण नुसता भात कसा गिळायचा? डाळ, तेल, मसाला सगळं विकतच." त्यांचा सगळा घरखर्च ताटातल्या त्या उरलेल्या भागावर जातो. भाजी कधी घ्यायची ते त्यांनीच शिकवलं. सकाळच्या मंडईत ताजी भाजी टवटवीत आणि भाव ताठ. संध्याकाळी आठच्या पुढे, विकणाऱ्या बाया पाटी उचलायच्या घाईत असतात, तेव्हा किलोचा तराजू बाजूला पडतो आणि वाटे लागतात. दहाला वाटा, वीसला दोन. त्यात चार टोमॅटो मऊ निघतात, दोन वांगी किडकी, पण तीही मावशींच्या नजरेतून सुटत नाहीत. बायको एकदा त्यांच्याबरोबर गेली आणि मेथीच्या चार जुड्या घेऊन आली. थंडी होती, मेथी कवडीमोल. ती निवडायला रात्री अकरापर्यंत आम्ही सगळे बसलो. स्वस्त भाजीचं असंच असतं, तिच्यावर घरातल्या माणसांचा वेळ खर्च होतो.

मुलांचं काय झालं, असं बहिणीने विचारलं. तिला वाटत होतं, मुलं हिरमुसली असतील. थोरलीला त्रास झालाच. मैत्रिणी बाहेर जेवायला जाताना हिने डबा काढायचा म्हणजे सोपं नव्हे. तिने त्यावर उपाय म्हणून धपाटे न्यायला सुरुवात केली, दह्याबरोबर. काही दिवसांनी डबा रिकामा यायला लागला आणि ती उपाशी यायला लागली, कारण धपाटे मैत्रिणींच्या पोटात. मग पीठ दुप्पट. धाकट्याला वेफर्सची आठवण अजूनही येते. घरी केलेले बटाट्याचे काप त्याला वेफर्स वाटत नाहीत आणि मलाही वाटत नाहीत. काही गोष्टी कारखान्यातच चांगल्या होतात.

आता हप्ता थोडा उतरला आहे आणि माझा पगारही आता पुरायला लागलाय. या काटकसरीने महिन्याला चार-पाच हजारांचा फरक पडत होता तो आता तेवढा राहिलेला नाही, कारण मटण महिन्यातून दोनदा झालंय आणि शनिवारी आम्ही बाहेरून मागवतो, ठरवून, बायको आधीच दमलेली नसते तेव्हा. मळलेली कणीक मात्र चालू आहे. शेंगोळे हिवाळ्यात होतात. मसूर आईशिवाय सगळ्यांना आवडायला लागली. मालदांडी ज्वारीही दर महिन्याला पाच किलो येते, भाव कितीही असो, कारण आईच्या हातची भाकरी कुठल्याच रकान्यात बसत नाही.

दुधाचं तेवढं राहिलंय. आमच्याकडे दिवसाला अडीच लिटर लागतं, त्यातलं लिटरभर नुसतं चहात जातं. ते दोन लिटरवर आणावं असा प्रस्ताव मी दर एक तारखेला मांडतो. आई, बायको आणि अलीकडे थोरलीसुद्धा तो एकमताने फेटाळतात आणि आधण ठेवतात. चहा मलाही देतात.